बावन्न सेकंदांचा अभ्यासक्रम

शाळेचे वर्ष 200 दिवसांचे धरले, तरी पहिलीपासून दहावीपर्यंत एक विद्यार्थी राष्ट्रगीत 2000 वेळा म्हणतो. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागतात. म्हणजे दहा वर्षांत जवळपास 29 तास. इतिहासाच्या पुस्तकातल्या कुठल्याच धड्याच्या वाट्याला एवढा वेळ येत नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या चांगल्यातल्या चांगल्या शाळेत दहावीच्या वर्गाला विचारून पाहावे: हे गीत पहिल्यांदा कुठे गायले गेले? मूळ कविता किती कडव्यांची? ते राष्ट्रगीत कोणत्या दिवशी झाले? फार हात वर होणार नाहीत. यात मुलांचा दोष नाही. राष्ट्रगीत परिपाठात आहे, वेळापत्रकात नाही. ‘सावधान’ कसे उभे राहायचे हे पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. आपण काय म्हणतो आहोत, हे शिकवायला मात्र कुणाचीच तासिका नसते.

नियम आणि कायदा मुलाला उभे करू शकतात. त्याला समजून गायला लावणे हे शिक्षकाचे काम आहे. या गीताच्या इतिहासात शाळा-महाविद्यालयांनी बजावलेली भूमिका पाहिली, तर हे काम त्यांच्याकडे परंपरेनेच चालत आले आहे, असे लक्षात येते.

शाळेच्या अंगणातून संविधान सभेत

रवींद्रनाथ ठाकूर यांनी ही कविता 1911 मध्ये संस्कृतप्रचुर बंगालीत लिहिली. मूळ कविता पाच कडव्यांची. 27 डिसेंबर 1911 रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ती प्रथम जाहीरपणे गायली गेली आणि पुढच्याच महिन्यात ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापून आली. आज आपण म्हणतो ते फक्त पहिले कडवे. उरलेल्या चारांत काय आहे, हे मुलांना सांगितले की त्यांचे कान टवकारतात. दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्यांची नावे येतात. तिसऱ्यात युगायुगांच्या वाटेवर रथ हाकणारा सारथी आहे. चौथ्यात काळोखी रात्र आणि मुलांना जपणारी आई आहे, तर पाचव्यात पहाट होते.

कविता लिहिली गेली, तरी सगळ्यांनी मिळून गायच्या गीताला चाल पक्की लागते. ती लिहून घेण्याचे काम एका महाविद्यालयात झाले. फेब्रुवारी 1919 मध्ये रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्ली येथे थिऑसॉफिकल महाविद्यालयात मुक्कामाला होते. प्राचार्य होते आयरिश कवी जेम्स कझिन्स. तिथल्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत रवींद्रनाथांनी हे गीत गायले, मुलांनी ते उचलले आणि महाविद्यालयाने ते रोजच्या प्रार्थनेसाठी मागून घेतले. कझिन्स यांच्या पत्नी मार्गारेट पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या होत्या. त्यांनी रवींद्रनाथांसोबत बसून स्वरलिपी तयार केली. त्याच मुक्कामात रवींद्रनाथांनी गीताचा इंग्रजी अनुवादही केला. पुढे 1935 मध्ये डेहराडूनच्या दून स्कूलने ते शाळागीत म्हणून स्वीकारले. राष्ट्राने मान्यता देण्याआधी कितीतरी वर्षे हे गीत मुलांच्या तोंडी होते.

त्यानंतर ते देशाबाहेर गेले. सप्टेंबर 1942 मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने जर्मनीत हॅम्बुर्ग येथे ते वाद्यवृंदावर वाजले. आझाद हिंद सरकारने त्याच धर्तीवर हिंदुस्थानी शब्दांचे गीत घेतले आणि कॅप्टन राम सिंग ठाकुरी यांनी ते संगीतबद्ध केले. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री संविधान सभेच्या बैठकीची सुरुवात सुचेता कृपलानी यांनी गायलेल्या ‘वंदे मातरम्’ने झाली आणि शेवट ‘जन गण मन’ने. 24 जानेवारी 1950 रोजी अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सभेत निवेदन केले: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात मोठा वाटा उचललेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्याइतकाच मान. मतदान झाले नाही. त्याच दिवशी सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. 26 जानेवारीच्या भाषणांत 24 जानेवारीचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. मुलांना दोन्ही तारखा सांगाव्यात.

ऐकीव गोष्टींची पडताळणी

राष्ट्रगीताबद्दल मुलांच्या घरी दोन गोष्टी हमखास पोहोचलेल्या असतात. एक, हे गीत पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिले. दोन, युनेस्कोने त्याला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले. एक गोष्ट खाली खेचणारी, दुसरी डोक्यावर घेणारी. आणि दोन्ही चुकीच्या. इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्याचा धडा द्यायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पहिल्या गोष्टीचा उगम असा. डिसेंबर 1911 मध्ये बादशहा भारतात होता, दिल्ली दरबार 12 तारखेला झाला होता. कलकत्त्याच्या अधिवेशनात 27 तारखेला रवींद्रनाथांचे गीत झाले आणि त्याच दिवशी बादशहाच्या स्वागताचे एक वेगळे हिंदी गीतही गायले गेले. इंग्रजी वृत्तपत्रांच्या बातमीदारांनी दोहोंची गल्लत केली आणि रवींद्रनाथांनी बादशहासाठी गीत रचल्याचे छापले. रवींद्रनाथांनी 1937 मध्ये पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर दिले आहे. दरबारी वर्तुळातल्या एका परिचिताने आपल्याकडे बादशहाच्या स्तुतीचे गीत मागितले होते, त्याचा आपल्याला संताप आला, आणि युगायुगांच्या प्रवासात माणसाला वाट दाखवणाऱ्या भाग्यविधात्याचा आपण जयजयकार केला. तो सारथी कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हा मुद्दा पटायला तिसरे कडवे माहीत असावे लागते. पहिल्या कडव्यावर थांबणारा अफवेला सहज बळी पडतो.

युनेस्कोची गोष्ट त्याहून सोपी. अशी कुठलीही निवड त्या संस्थेने कधी केलेली नाही. नववीच्या मुलांना फोनवर आलेला असा एखादा संदेश फळ्यावर लिहायला सांगावा आणि विचारावे: कोणी जाहीर केले, कधी, कुठे? तिन्ही रकाने रिकामे राहिले की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

तापी कुठे आहे?

खानदेशातला चौकस विद्यार्थी नकाशा पुढे ठेवून हे गीत वाचू लागला, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गंगा आहे, यमुना आहे. मग आपली तापी कोठे शे? डोंगरांत विंध्य आहे, हिमाचल आहे. पण यावल-चोपड्याच्या मुलाला रोज दिसणारा सातपुडा नाही. 2023 पासून परिपाठात आलेल्या राज्यगीतातही नद्यांची नावे आहेत, पण तिथेही तापी नाही. यमुना मात्र दोन्हीकडे आहे.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आसामच्या मुलालाही ब्रह्मपुत्रा सापडत नाही, काश्मीरच्या मुलाला काश्मीर सापडत नाही. गीत म्हणजे गॅझेटियर नव्हे. त्यातली चार नावे चाळीस नावांच्या वतीने उभी असतात. एवढे सांगून झाले की मुलांना विचारावे: या गीतात आपला जिल्हा कुठल्या नावाखाली आला? उत्तर शोधताना 1911 चा नकाशा उघडावा लागतो. तेव्हा खानदेश मुंबई इलाख्यात होता. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे-नंदुरबार.

सिंधचे नाव आले की जळगावात भूगोलाचा प्रश्न घरात शिरतो. फाळणीनंतर तिकडून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली; जळगावची सिंधी कॉलनी सगळ्यांना ठाऊक आहे. सिंध आज भारतात नाही, तेव्हा ते नाव गीतातून काढावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने 2005 मध्ये ती फेटाळली. राष्ट्रगीतातली नावे ही सरहद्दीची यादी नाही, त्यात माणसे आणि संस्कृतीही येतात, हे ज्याच्या पणजोबांनी सिंध सोडले त्या मुलाला सर्वांत आधी कळते.

आणखी एक गोष्ट इथल्या शिक्षकाने ठळक करावी. या गीताची भाषा खानदेशातल्या कुणाच्याच घरची नाही. वर्गात अहिराणी बोलणारी मुले असतात, लेवा गणबोली बोलणारी असतात, सातपुड्याच्या पायथ्याला भिली आणि पावरी बोलणारी, उर्दू शाळांत उर्दू बोलणारी. प्रमाण मराठीत काही मुले पुढे असतात, काही मागे. राष्ट्रगीतापुढे सगळी एका रांगेत येतात, कारण ते सगळ्यांनाच शिकावे लागते.

परक्या भाषेकडे आपुलकीने कसे पाहावे, याचा वस्तुपाठ अमळनेरच्या एका शिक्षकाने घालून दिला आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना त्रिचनापल्लीला हलवले गेले. तिथे दक्षिणेकडच्या सत्याग्रहींच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, हा ‘आंतरभारती’चा विचार त्यांनी पुढे मांडला. त्यामागे रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची प्रेरणा होती. राष्ट्रगीताचा अर्थ शिकवायला खानदेशी शिक्षकाला बाहेरून दाखले आणावे लागत नाहीत, ते असे.

फैजपूर, नंदुरबार आणि दुसरे गीत

डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली, तीही बांबूसारखे खेड्यात मिळणारे साहित्य वापरून. याच नंदलाल बोसांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने चित्रांनी सजवली. 24 जानेवारी 1950 च्या सह्यांचा प्रसंग शिकवताना हा धागा फैजपूरपर्यंत आणता येतो, आणि रावेर-यावलच्या मुलांना ती तारीख आपली वाटू लागते.

त्या काळात अधिवेशनांत मानाचे गीत होते ‘वंदे मातरम्’. 1896 च्या कलकत्ता अधिवेशनात ते गायले होते खुद्द रवींद्रनाथांनी. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणते, हा वाद खरोखर झाला आणि त्यात एक मराठी गवई हिरिरीने उतरला होता. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ला झिंझोटी रागात समूहाला पेलेल अशी चाल दिली. बँडवर ते वाजू शकते, हे त्यांनी दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिकांनी दाखवले. नेहरूंचा कल ‘जन गण मन’कडे होता. 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी त्याची धून वाजली होती आणि परदेशी वाद्यवृंदांना ती भावली होती, असे त्यांनी ऑगस्ट 1948 मध्ये संविधान सभेत सांगितले. दोन्ही बाजू वर्गात मांडाव्यात. आपले राष्ट्रगीत आभाळातून पडले नाही, माणसांनी वाद घालून निवडले, हे कळल्याने आदर कमी होत नाही.

9 सप्टेंबर 1942 चा नंदुरबारचा प्रसंग तर खानदेशात शाळेतच सांगायला हवा, कारण तो शाळकरी वयाच्या मुलांचा आहे. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. ‘भारत छोडो’ची मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार साथीदार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा, यांना मरण आले. शिरीषकुमारांना सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. हातात तिरंगा होता. त्या वेळी ना राष्ट्रगीत ठरले होते, ना त्याच्या सन्मानाचा कायदा होता.

नियमात काय आहे, काय नाही

शिष्टाचाराबद्दल शाळांत बऱ्याच समजुती रूढ असतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रगीतविषयक सूचना मात्र थोडक्यात आटोपतात, आणि त्या शिक्षकाने स्वतः वाचाव्यात. पूर्ण गीत साधारण 52 सेकंदांचे. काही प्रसंगी पहिली आणि शेवटची ओळ एवढेच, साधारण 20 सेकंदांचे. गीत गायले किंवा वाजवले जात असताना श्रोत्यांनी सावधान उभे राहावे. बातमीपटात किंवा माहितीपटात ते मध्येच आले, तर उठू नये, कारण त्याने गोंधळच होतो. शाळेच्या दिवसाची सुरुवात समूहगायनाने करावी आणि गीत लोकांच्या ओठी रुळावे म्हणून शाळांनी कार्यक्रमांत सोय करावी, असेही त्यांत सांगितले आहे.

बँडवर वाजवायचे असेल, तर आधी ढोलाची घाई होते, म्हणजे लोकांना सावध व्हायला वेळ मिळतो. ही घाई संथ चालीच्या सात पावलांइतकी असावी. हळू सुरू होऊन चढत जावी, पुन्हा उतरावी, सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू यावी. मग एक ठोका पूर्ण शांतता, आणि गीत. शाळेच्या बँडपथकातल्या मुलांना हा तपशील द्यावा. ती तो जिवापाड पाळतात.

छातीवर उजवा हात ठेवण्याची पद्धत अमेरिकेची. आपल्या नियमांत ती नाही. हात बाजूला सरळ. ज्याला शारीरिक अडचणीमुळे उभे राहता येत नाही, त्याने बसून राहणे हा अनादर नव्हे. चित्रपटगृहांतल्या राष्ट्रगीताबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांना स्पष्ट सूट दिली होती. त्याच प्रकरणात नोव्हेंबर 2016 मध्ये चित्रपटगृहांना राष्ट्रगीत सक्तीचे केले गेले आणि जानेवारी 2018 मध्ये ती सक्ती उठवून ते ऐच्छिक ठरले.

1971 चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा राष्ट्रगीताच्या बाबतीत शिक्षा सांगतो ती दोन कृत्यांना: राष्ट्रगीत गाण्यापासून हेतुपुरस्सर रोखणे, आणि ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चुकून सूर लागला नाही, शब्द विसरला, उन्हात चक्कर आली, यांपैकी काहीही गुन्हा नाही. राष्ट्रगीताचा आदर हे राज्यघटनेच्या कलम 51 क मधले पहिलेच मूलभूत कर्तव्य. ते 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने आले.

राज्यगीताची गल्लत इथे होऊ देऊ नये. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांमुळे घराघरांत पोहोचलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 19 फेब्रुवारी 2023 पासून अधिकृत राज्यगीत झाले. ते 1 मिनिट 41 सेकंदांचे आहे आणि त्यालाही उभे राहून मान द्यायचा असतो. पण राष्ट्रगीताचा कायदा राज्यगीताला लावू नये.

न गाणारा मुलगा

एखादा मुलगा उभा राहतो, पण गात नाही. काय करावे? हा प्रश्न केरळात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 1985 मध्ये यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. ती रोज परिपाठाला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट 1986 मध्ये न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. गायलाच हवे, असे सांगणारा कायदा नाही. आदराने उभे राहणारा न गाण्याने अनादर करत नाही. आपली परंपरा आणि आपली राज्यघटना सहिष्णुता शिकवतात, ती आपण पातळ करू नये, असे निकालाचे सार आहे.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर हा निकाल असावा. खानदेशातल्या शाळेत न गाणाऱ्या मुलाचे कारण बहुधा पंथाचे नसते. त्याला शब्द येत नसतात, किंवा बाजूची मुले हसतील म्हणून तो ओठ हलवत राहतो. त्याला मैदानात सगळ्यांसमोर उभे केले, तर पुढच्या वर्षी तो परिपाठ संपल्यावरच शाळेत येईल. त्याला हवी असते मधल्या सुट्टीतली दहा मिनिटे आणि सोबत म्हणणारा एक मित्र.

चार तासिका

वर्षाच्या सुरुवातीला चार तासिका काढल्या, तरी हे सगळे बसते. पहिली तासिका शब्दांची. शब्द फळ्यावर लिहावेत, प्रत्येकाचा अर्थ मुलांनी आपल्या घरच्या बोलीत सांगावा. ‘उच्छल’चे ‘उज्ज्वल’ आणि ‘जलधि’चे ‘जलदी’ इथेच सुधारते, कारण अर्थ कळला की उच्चार टिकतो. दुसरी तासिका चालीची. एकाने घड्याळ धरावे, बाकीच्यांनी गावे. बहुतेक वर्ग पहिल्या खेपेला मिनिटाच्या पुढे जातात, कारण प्रत्येक ओळीचा शेवट ताणला जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते 52 च्या आसपास येतात, तेही न घाई करता. तिसरी तासिका इतिहासाची आणि अफवांची. चौथी नकाशाची: तापीपासून सुरू करून गीतातल्या प्रत्येक नावापर्यंत.

17 ऑगस्ट 2022 रोजी सकाळी 11 वाजता महाराष्ट्रभर एकाच वेळी राष्ट्रगीत गायले गेले. शाळा, कार्यालये, दुकाने, सगळी मिनिटभर थांबली. असा उपक्रम लोकांना एकत्र उभे करतो. त्यांना गाता येते की नाही, हे मात्र आधीच कुठल्यातरी वर्गात ठरलेले असते.

या चार तासिकांची लेखी परीक्षा घेऊ नये. गुणांच्या भीतीने मुले पुन्हा पाठांतराकडे वळतील. त्यापेक्षा जून महिन्यात पहिलीच्या नव्या मुलांना राष्ट्रगीत शिकवण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवावे. दोघांत एक मोठा, एक लहान. जो शब्दांचा अर्थ समजावतो, चाल धरून ठेवतो आणि लहानग्याच्या ‘तापी का नाही?’ या प्रश्नावर न रागावता उत्तर देतो, तो राष्ट्रगीत शिकला. ज्याला फक्त सरळ उभे राहता येते, त्याच्यासाठी अजून एक तासिका घ्यावी.